मार्सेल तुस्कानोंची न घेतलेली रजा

गिरीजमध्ये मार्सेल तुस्कानो कुठे राहतात असं विचारलं, तर लोक आधी "कोणते?" म्हणतात. शाळेच्या बसवाले, असं सांगितलं की मग थेट त्यांच्या वाडीच्या फाटकापर्यंत आणून सोडतात. फौजेत पंधरा वर्षं काढून ते परत आले आणि साठी होईपर्यंत त्यांनी आमच्या शाळेची बस चालवली. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होतो, त्यामुळे आमची ओळख जुनी. बस मागे घ्यायची झाली की आरशावर भरवसा न ठेवता ते खाली उतरत, मागे जाऊन जमीन बघून येत आणि मगच गिअर टाकत. मुलं हसायची. एखादं मूल थांब्यावर दिसलं नाही म्हणून बस पुढे निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी आई भांडायला आली, की ते म्हणत, "बाई, थांबलो होतो, पण फार नाही थांबलो." दुसऱ्या कोणी सरळ दहा मिनिटं सांगून टाकली असती.

आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. घरामागे केळीची वाडी आहे, थोडं अळू, थोडी भाजी. सकाळी पाणी सोडायचं, दुपारी ओट्यावर झोपायचं, संध्याकाळी गावच्या रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत चालून यायचं. बायको विनी त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान आणि बोलण्यात त्यांच्या दहापट पुढे. मुलगी एलिसा विरारला फ्लॅटमध्ये राहते, दर रविवारी येते.

फौजेत ते एका वाहतूक तुकडीत ट्रक चालवत. बंदूक मिळाली होती, पण ती बहुतेक वेळ सीटच्या मागे असायची, असं ते स्वतःच सांगतात. त्याच तुकडीत चांदीपचा काशिनाथ भोईर होता. चांदीप आपल्याच तालुक्यात, पण पार पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या भातशेतीत. गिरीज इकडे समुद्राच्या अंगाला, केळीत. गावी राहिले असते तर या दोघांची गाठ पडण्याचं कारण नव्हतं. भरती मात्र एकाच दिवशी झाली आणि पुढे तुकडीत "वसईवाले" म्हटलं की दोघंही एकदम वळून बघत.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांची तुकडी पश्चिम सीमेवर रसद आणि दारूगोळा पोचवत होती. एका सकाळी विमानांनी ताफ्यावर मारा केला. काशिनाथचा ट्रक पुढे होता, मार्सेलचा त्याच्या मागे. काशिनाथ जागीच गेला. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चिता रचली. दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या होत्या, झाडाच्या तोडलेल्या फांद्या होत्या आणि लंगरमधून आणलेला डालड्याचा डबा होता. सुभेदारांनी विचारलं, "याच्या गावाकडचं कोण आहे?" मार्सेल पुढे झाले.

"साहेब, मी ख्रिस्ती आहे."

"तालुका एकच ना तुमचा? मग अग्नी तूच दे."

तो त्यांनी दिला. पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा ते चांदीपला गेले आणि काशिनाथच्या आईपुढे बसून सगळं सांगितलं. ख्रिस्त्याच्या हातचा अग्नी ऐकून ती काय म्हणेल, याची त्यांना धास्ती होती. ती एवढंच म्हणाली, "आपल्या मानसाच्या हातानं गेला. बरं झालं."

तेव्हापासून भोईरांच्या घरी पितृपक्षातल्या चतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने गेलेल्यांच्या दिवशी, मार्सेलना जेवायला बोलावणं असायचं. आई गेली, काशिनाथचा धाकटा भाऊ गेला, तरी बोलावणं चुकलं नाही. धाकट्या भावाचा मुलगा जितेश आता घरचा कर्ता आहे. काशिनाथची बहीण आशालता, लढाईच्या वेळी दहा-बारा वर्षांची होती, ती लग्न होऊन गावातच दिलेली. चतुर्दशीचा स्वयंपाक अजून तीच करते.

हे सगळं सुरळीत चालू असताना विरारच्या माजी सैनिक मंडळाने विजय दिनाचा कार्यक्रम घेतला. एकाहत्तरच्या लढाईत आघाडीवर असलेल्या जवानांचा आणि शहिदांच्या घरच्यांचा सत्कार होता. आशालता आणि जितेश व्यासपीठावर होते. मार्सेल नव्हते. जितेशला आश्चर्य वाटलं, त्याने मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं. ते निवृत्त सुभेदार, सरळ माणूस. ते म्हणाले, "पश्चिम आघाडीवर जे होते, त्यांना पश्चिमी स्टार नावाचं पदक मिळालंय. ते ज्यांच्या नोंदीत आहे त्यांना बोलावलं. तुस्कानोंच्या नोंदीत नाही."

जितेशने भांडण केलं नाही, कोणाला काही बोलला नाही. पण त्यानंतरच्या चतुर्दशीला मार्सेलना बोलावणं आलं नाही.

ते माझ्याकडे आले ते त्यानंतर. बाहेर चपला काढल्या, नीट एका रेषेत लावल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "सर, एक अर्ज लिहायचाय. मी लढाईत होतो, असं सरकारकडून लिहून पाहिजे."

"इतक्या वर्षांनी पदक हवंय?"

"पदक घालून मी काय केळीला पाणी सोडणार?" ते म्हणाले. मग खुर्चीत पुढे सरकून, "तो पोरगा मला काही बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो बोलतच नाही. आणि त्याचंही खरं आहे सर. मी तिथे नव्हतो असं सरकार म्हणत असेल, तर त्याच्या काकाला अग्नी कोणी दिला? आशानं काय समजायचं? तिच्या आईला मी समोर बसून सांगितलंय."

पदक मिळालं नाही हे त्यांना ठाऊक होतं. तुकडीतल्या इतरांना मिळालं, आपल्याला आलं नाही, राहिलं असेल, इतकाच विचार करून त्यांनी ते सोडून दिलं होतं. मी अर्ज लिहिला. सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसाने तो वाचून दोन जागा सुधारल्या आणि पुढे रेकॉर्ड ऑफिसला पाठवला.

उत्तर नाताळ होऊन गेल्यावर आलं. मार्सेलनी मला ओट्यावर बोलावून घेतलं. विनीबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या. मी उत्तर वाचून अर्थ सांगितला. नोंदीप्रमाणे एक डिसेंबरपासून तुम्ही मंजूर रजेवर होता, सबब तुम्ही या पदकाला पात्र नाही.

मार्सेलनी कागदाची घडी घातली. "सोडा सर. राहू दे."

"राहू दे काय?" विनीबाई म्हणाल्या. "रजेवर होते? त्या नाताळात? सर, मी तेव्हा शाळेत होते, पण मला चांगलं आठवतं. चर्चमध्ये मिस्साला यांची आई आमच्या पुढच्या बाकावर होती. सगळ्यांनी मेणबत्त्या पेटवल्या, तिनं नुसती हातात धरली. पेटवलीच नाही. सगळ्या गावानं बघितलं. पोरगा घरी असता तर?"

"रजा मंजूर झाली होती," मार्सेल म्हणाले. "मी गेलोच नाही. निघायच्या आधीच सगळ्यांच्या रजा बंद झाल्या."

"मग तसंच लिहा," मी म्हणालो. "मंजूर झाली होती, घेतली नाही. रद्द झाल्याची नोंद करायची राहून गेली असेल. लढाईच्या धामधुमीत होतं असं."

"तसं लिहिलं तर विचारतील, कसली रजा."

"कसली होती?"

मार्सेल वाडीकडे बघत राहिले. "लग्नाची."

विनीबाईंचे हात थांबले. "कोणाच्या?"

"माझ्याच."

या दोघांचं लग्न शहात्तर सालचं. मला वाटलं, आता आपण उठावं. पण विनीबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो निराळाच. "डिसेंबरात?" मग माझ्याकडे वळून, जणू साक्षीदार मीच, "सर, तुम्हाला माहीत नसेल. नाताळच्या आधीचे चार आठवडे आमच्यात लग्न नसतं. आगमनकाळ असतो तो. वाजंत्री नाही, मांडव नाही. चर्चमध्ये फादर लग्न जाहीर करायच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचत नाहीत. वसईत कुठलाही ख्रिस्ती माणूस डिसेंबरात स्वतःचं लग्न काढणार नाही, आणि हे काढून बसले!" आणि मग खरा प्रश्न आला. "नवरी कोण होती?"

मार्सेल उठले, म्हणाले, "पंप चालू राहिलाय," आणि वाडीत गेले. पंप बंद होता.

दोन दिवसांनी एलिसाचा मला फोन. "सर, घरी काय झालंय? मम्मीला विचारलं पप्पा कुठे आहेत, तर म्हणते, त्यांच्या आधीच्या सासुरवाडीला गेले असतील."

विनीबाई जेवण वाढत होत्या, पण मुकाट्याने. त्यांच्या घरात ही शांतता फार अवघड. शेवटी रविवारी मिस्सा झाल्यावर मार्सेलनी मला निरोप धाडला. मी गेलो तर ओट्यावर विनीबाईंशेजारी आणखी एक बाई बसल्या होत्या, मार्सेलची धाकटी बहीण कॅथरिन. नंदाखालला दिलेल्या. त्यांना कशासाठी बोलावलं हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"जे सांगायचं ते हिच्यासमोर सांगतो," मार्सेल म्हणाले. त्यांनी उभं राहूनच सांगितलं.

दोन नाताळ घरी जायला मिळालं नव्हतं. तिसऱ्या वर्षीही नाताळच्या रजा आधीच वाटून झालेल्या. कंपनीचा कारकून दयाळू होता. म्हणाला, लग्न लिही, लग्नाला साहेब नाही म्हणत नाहीत. तारखेचं मार्सेलच्या लक्षात आलं नाही. त्या वयात घरच्या वाटेपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि कारकुनाला आगमनकाळ कुठून ठाऊक असणार? पण अर्जात नवरीचं नाव आणि गाव लागत होतं.

"मग?" विनीबाई.

"मी हिचं लिहिलं."

कॅथरिनबाईंनी आधी मागे वळून पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "माझं? अरे मेल्या, मी तुझी बहीण ना?"

"म्हणूनच. दुसऱ्याच्या मुलीचं नाव कसं लिहू? कागद फिरत फिरत गावात आला असता तर तिचं लग्न मोडलं असतं."

"आणि माझं मोडलं असतं ते?"

"तू घरातली. तुला समजावलं असतं."

"कारकुनानं विचारलं नाही, आडनाव एकच कसं म्हणून?"

"विचारलं. मी म्हटलं, साहेब, आमच्या गावात अर्धे तुस्कानोच आहेत."

विनीबाई एवढ्या हसल्या की मांडीवरची वालाची टोपली कलंडली. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं त्या हसण्यात निघालं. कॅथरिनबाई मात्र लगेच हसल्या नाहीत. "माझा नवरा गेला ते बरं झालं," त्या म्हणाल्या, "नाहीतर लोक त्याला सांगत बसले असते, माझं हे दुसरं लग्न म्हणून." मग त्याही हसल्या.

मार्सेल हसत नव्हते. गावात हे पसरलं तर मरेपर्यंत एक टोपणनाव चिकटेल आणि ते पुढे नातवंडांनाही लागेल, ही भीती होतीच. आमच्याकडे नावं अशी पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पण त्यांना बोचत होतं ते वेगळं. "सर, काशिनाथचं मी सांगितलेलं सगळं खरं आहे. त्याच महिन्यातला माझा दुसरा कागद खोटा आहे. एक खोटं ठरलं की दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"प्रतिज्ञापत्रात खरं कारण लिहावं लागेल," मी म्हणालो. "त्याशिवाय रजेचा खुलासा होत नाही."

"लिहा. पण ते पाठवायच्या आधी मला चांदीपला जायचंय. त्यांना कागदावरून कळायला नको."

पुढच्या रविवारी एलिसाने आम्हाला गाडीतून चांदीपला नेलं. भोईरांचं घर आता पक्कं आहे, पण अंगण सारवलेलं. आशालताबाई तांदूळ पाखडत होत्या. मार्सेलना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि "ये दादा" म्हणाल्या, पण आतल्या दाराकडे बघून. जितेश बाहेर आला. तो विरारला एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे, पस्तिशीचा, मोजकं बोलणारा. त्याने खुर्च्या मांडल्या, पाणी आणवलं, आणि समोर बसला.

मार्सेलनी प्रस्तावना केली नाही. पदक का मिळालं नाही, रजा कशी लागली, अर्जात काय लिहिलं, नवरी म्हणून कोणाचं नाव टाकलं, सगळं सांगितलं. बहिणीचं नाव आलं तेव्हा आशालताबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

जितेश हसला नाही. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं होतं."

"हो."

"मग काका, आम्ही खरं कुठलं धरायचं? तुम्ही आजीला सांगितलेलं की सरकारी नोंद?"

"तो सवाल बरोबर आहे," मार्सेल म्हणाले. "मी काय उत्तर देणार? मी पुन्हा हो म्हणेन. ते तर मी आधीच म्हटलंय."

"ए जित्या," आशालताबाई म्हणाल्या, "मानूस स्वताची फजिती सांगाया एवढ्या लांब येतो काय? बहिनीचं नाव लिवलं म्हने! खोटं बोलनारा जरा बरं काय तरी सांगल ना?"

"आत्या, तुझा विश्वास आहे. माझाही होता. पण काशिनाथकाकांच्या नावाने मी पान ठेवतो. त्यांचं शेवटी नीट झालं की नाही, हे मला पक्कं कळायला नको? मला कोणाचा अपमान करायचा नाही."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट इतक्या वर्षांत त्या घरात हा प्रश्न कोणी इतका गंभीरपणे घेतला नव्हता. मीच विचारलं, "तुकडीतलं दुसरं कोणी हयात आहे का? प्रतिज्ञापत्राला एक साक्ष लागणारच आहे."

"फलटणचा भोईटे आहे," मार्सेल म्हणाले. "माझ्या ट्रकवरचा जोडीदार. अंथरुणावर असतो आता. फोनवर ऐकू येत नाही त्याला."

जितेश म्हणाला, "पत्ता द्या. साक्षीचा कागद मी आणतो. तुमच्यापैकी कोणी येऊ नका."

निघताना आशालताबाई गाडीपर्यंत आल्या. "दादा, तो वाईट नाय. त्याला त्याचं करू दे," त्या म्हणाल्या, आणि मग न राहवून, "तुझ्या त्या नवरीला माझा नमस्कार सांग."

जितेश फलटणला जाऊन आला. परतताना चांदीपला न जाता सरळ गिरीजला आला, दुपारच्या उन्हात. योगायोगाने मी तिथेच होतो. मार्सेल केळीचा घड उतरवत होते. तो ओट्याच्या पायरीवर बसला. त्याने आधी पिशवीतून साक्षीचा कागद काढला, भोईट्यांच्या अंगठ्याचा. त्यांचा हात आता सहीला चालत नाही. नोटरीला तो घरी घेऊन गेला होता.

"काका, तुम्ही आम्हाला सगळं सांगितलं नाही," तो म्हणाला.

मार्सेलनी कोयता खाली ठेवला. "काय राहिलं?"

"भोईटेकाका म्हणाले, अग्नी द्यायच्या आधी तुम्ही बूट काढले. मोजे पण. पंजाबातली डिसेंबरची थंडी, जमीन बर्फासारखी. सुभेदार ओरडले, बूट घाल, पाय जातील. तुम्ही ऐकलं नाही."

"चांदीपला कोणी बूट घालून अग्नी दिला असता का?" मार्सेल म्हणाले. "काशिनाथ देवाचं नाव घ्यायचा तेव्हा पायात काही ठेवत नसे. तेवढं मी बघितलं होतं. बाकी मला काय करायचं ठाऊक नव्हतं."

"मग मंत्र कोणी म्हटले?"

"एक गढवाली पोरगा होता, त्याला येत होते, त्यानं म्हटले. मला फक्त चर्चमधलं 'आमच्या बापा' येत होतं. ते मी मनात म्हटलं. चाललं असेल ना?"

पायरीवरच्या केळीच्या सालीचा तुकडा उचलून जितेश बोटांनी फाडत राहिला. विनीबाईंनी आतून जेवायला हाक मारली. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, उठून हात धुतले. बोंबलाचं कालवण होतं. दोनदा भात घेतला.

प्रतिज्ञापत्र मी लिहिलं. रजेचं खरं कारण लिहिलं, नवरीचं नाव लिहिलं, आणि त्या काळात वसईच्या ख्रिस्ती समाजात लग्नं होत नाहीत हेही लिहिलं. तेवढ्यापुरती फादरांनी एक चिठ्ठी दिली. त्यांनी कारण विचारलं, मार्सेलनी सांगितलं. मार्सेलचं म्हणणं, फादर खोकल्याचं निमित्त करून आत गेले. कागद गेले. अधूनमधून सैनिक कल्याण कार्यालयातला माणूस फोन करायचा, अमुक पानावर सही राहिलीय, तमुक प्रत पुसट आहे. मार्सेल रिक्षाने जाऊन सही करून यायचे.

गावात व्हायचं तेच झालं. चार महिन्यांत क्रुसापाशी बसणारे म्हातारे त्यांना "जावईबापू" म्हणू लागले. पहिले काही दिवस मार्सेल दुसऱ्या वाटेने फिरायला गेले. मग एक दिवस तिथेच जाऊन बसले आणि म्हणाले, "म्हणा, काय म्हणायचं ते." त्यानंतर म्हणणाऱ्यांची मजा कमी झाली. नाव मात्र राहिलं.

रेकॉर्ड ऑफिसचं पत्र श्रावणात आलं. एक डिसेंबरपासूनची रजा रद्द समजण्यात येत आहे, सदर जवान त्या काळात तुकडीसोबत हजर होते, आणि पश्चिमी स्टारची नोंद त्यांच्या नावे करण्यात आली आहे. मी दोनदा वाचून दाखवलं. मार्सेलनी विचारलं, "रजा रद्द?"

"हो."

"म्हणजे ती माझी शिल्लक राहिली."

"घ्या आता," विनीबाई म्हणाल्या. "आणि या वेळी अर्जात माझं नाव लिहा."

मंडळाच्या अध्यक्षांनी पत्राची प्रत मागून घेतली आणि पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत स्वतःच्या हाताने नाव घातलं. मार्सेलनी आभार मानले. प्रत्यक्ष पदक यायला अजून वेळ होता आणि त्यांनी त्याची चौकशी केली नाही. त्यांनी पत्राची एक झेरॉक्स काढली आणि जितेशला फोन लावला. "कागद आलाय. आणून देऊ का?"

"काका, मी तुम्हाला उद्या फोन करणारच होतो," तो म्हणाला. "चतुर्दशीला या. कागद नसता आला तरी बोलावणारच होतो. सरांनाही आणा."

आम्ही गेलो. झेरॉक्स जितेशने घेतली आणि न वाचता फळीवरच्या डब्याखाली ठेवली. आशालताबाई चुलीपाशी होत्या. भात, वड्या, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं त्यांनी केळीच्या पानावर वाढलं. पानं मार्सेलच्या वाडीतली, त्यांनीच सकाळी कापून आणलेली. दरवर्षी काशिनाथच्या नावाचं पान जितेश बाहेर नेऊन ठेवत असे आणि मार्सेल तोवर ओटीवर पाहुण्यासारखे बसून राहत.

या वेळी जितेशने पान उचललं आणि दारात थांबला. "काका, या."

"मी?"

"अग्नी ज्यानं दिला त्याचा हात लागला पाहिजे. आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही."

मार्सेलनी माझ्याकडे पाहिलं. सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मग त्यांनी आशालताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा ना दादा, भात थंड होतो."

ते अनवाणीच होते. त्यांनी पानाची एक कड धरली, दुसरी जितेशने, आणि दोघं जपून पायऱ्या उतरले. दोघांची चाल जमेना. जितेश भराभर निघाला होता, मार्सेल थांबून पुढची जमीन बघत होते. "हळू," ते म्हणाले, "खीर सांडेल." जितेशने पावलं लहान केली. पडवीच्या पलीकडे, भाताच्या बांधावर एक सपाट दगड होता. तिथे त्यांनी ते पान ठेवलं आणि दोघं जरा बाजूला होऊन उभे राहिले.